वासावरून ठेवलेलं बी

परवा रात्री उशिरा भाच्याचा फोन आला. तो तिकडे कोलोरॅडोत एका प्रयोगशाळेत कामाला आहे. कसली प्रयोगशाळा हे आमच्या घरात अजून सगळ्यांना माहीत नाही, पण आता लिहायलाच बसलोय तर सांगून टाकतो. त्या राज्यात २०१४ पासून गांजाची विक्री कायदेशीर आहे आणि माल दुकानात जाण्याआधी तपासून घ्यावा लागतो. ती तपासणी हा करतो. (ताई, वाचत असशील तर रागावू नकोस. काम अगदी सरळमार्गी आहे, पगारही बरा आहे.)

तर तो म्हणाला, "मामा, तुझ्या कामाची एक गंमत सांगतो. या झाडाला जो उग्र भपकारा येतो ना, त्याच्या मागचे रेणू लसणीतल्या रेणूंचे चुलतभाऊ निघालेत. गंधकवाले. मला एकदम आत्याआजीचं घर आठवलं. आढ्याला टांगलेल्या कांद्याच्या माळा."

फोन ठेवल्यावर मला काही झोप आली नाही. त्या माळांची एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. ती सांगायची तर आधी थोडी गांजाची, मग कांद्याची आणि शेवटी माझी फजिती, अशा क्रमाने जावं लागेल. चालवून घ्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, मी तीसेक वर्षं मुंबईत वास आणि स्वाद बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. सरबतात आंबा नसताना आंबा आहे असं वाटायला लावणं, हे आमचं काम. त्या धंद्यात पहिली गोष्ट शिकायला मिळते ती ही, की पदार्थात जे सगळ्यात जास्त असतं त्याचा वासाशी संबंध असेलच असं नाही. लाखात एक भाग, कोटीत एक भाग अशा मापाने असलेला एखादा रेणूच 'हा अमुक आहे' असं नाकाला सांगतो.

गांजाचंही तसंच झालं. त्याच्या वासाचं श्रेय बराच काळ टर्पीन नावाच्या गटाला दिलं जायचं. म्हणजे लिंबाच्या सालीत, मिऱ्यात, आंब्यात असतात तसले रेणू. ते त्या झाडात भरपूर असतात, मोजायला सोपे असतात, म्हणून सगळे तेच मोजत बसले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या काही रसायनतज्ज्ञांनी दाखवून दिलं की तो ओळखीचा भपकारा गंधक असलेल्या, अगदी किंचित प्रमाणातल्या काही रेणूंचा आहे. फुलोरा संपत येताना ते वाढतात, माल वाळवून मुरवला की कळसाला पोचतात आणि मग साठवणीत दहाएक दिवसांत झपाट्याने उतरतात. उन्हात राहिलेल्या बियरला जो घाणेरडा वास येतो, त्यातला रेणू आणि यांच्यातला म्होरक्या एकच.

भाच्याचं म्हणणं असं, की तिकडच्या रोपं तयार करणाऱ्यांनी गेली अनेक वर्षं फक्त नशेच्या रेणूचा टक्का वाढवायच्या मागे घालवली. वास आपोआप मागे पडला. आता त्यांना वास परत हवाय, तर बऱ्याच जुन्या जाती कुणाकडे शुद्ध राहिलेल्याच नाहीत. पूर्वी टक्का मोजायची सोयच नव्हती. नशेचा तो मुख्य रेणू शुद्ध रूपात वेगळा काढून ओळखला गेला १९६४ मध्ये, इस्रायलमध्ये. त्याआधी १८९३-९४ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या भांग-गांजाची चौकशी करायला एक आयोग नेमला होता. अकराशे त्र्याण्णव साक्षीदार, सात खंडांचा अहवाल. आपल्या मुंबई इलाख्यात तेव्हा नगरकडे गांजाची शेती होत असे. त्या काळात मालाची पारख करणाऱ्याकडे काय होतं? डोळे, बोटं आणि नाक. बंगालात तर शेतातली नर झाडं ओळखून उपटून टाकायला खास माणसं बोलावत. बी कुठलं धरायचं आणि कुठलं नाही, हा निर्णय माणसाच्या अंगात होता, यंत्रात नव्हता.

असो. आता आमच्याकडे येऊ.

अलिबाग-पेण रस्त्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये गेला असाल तर कार्लेखिंडीच्या आसपास रस्त्याकडेला बांबूवर टांगलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा तुम्ही पाहिल्याच असतील. कार्ले, खंडाळे, वाडगाव, नेहुली, सागाव, तळवली ही त्या कांद्याची गावं. भाताची कापणी झाली की त्याच खाचरात वाफे करून रोपांची लागण करायची, जमिनीतली ओल आणि विहिरीचं पाणी यांवर पीक काढायचं. पात वाळली की बायका मांडी घालून बसतात आणि पातीची वेणी घालत माळ विणतात. माझी आत्या गप्पा मारता मारता, मान वर करून, न बघता माळ विणायची. मी एकदा प्रयत्न केला होता. माझी माळ अंगणातून ओसरीपर्यंत नेताना सुटली.

हा कांदा जुना आहे. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमधली त्याची नोंद भौगोलिक मानांकन मागताना पुरावा म्हणून पुढे केली गेली. (जिल्ह्याचं नाव रायगड झालं १९८१ साली. आत्या शेवटपर्यंत कुलाबाच म्हणायची.) कृषी विभाग आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ यांनी जानेवारी २०१९ मध्ये अर्ज केला, सप्टेंबर २०२१ मध्ये मानांकन द्यायचं ठरलं. गोड चव, कमी तिखटपणा, चिरताना डोळ्यांत पाणी न येणं, अशी त्याची लक्षणं सांगितली गेली.

आमच्या घरात हे लक्षण वगैरे कुणाला वाटत नसे. मला तर शाळेच्या वयापर्यंत कांदा चिरताना माणसं रडतात ही सिनेमातली थाप वाटायची. भाकरी, सुकट आणि बुक्कीने फोडलेला कांदा, संपलं जेवण. पुढे मुंबईत मेसमध्ये पहिल्यांदा लाल कांदा चिरला तेव्हा मला खरंच वाटलं की डोळ्यांना काहीतरी झालंय!

कांदा रडवतो कसा हे थोडक्यात सांगतो, पुढे लागेल. अख्ख्या कांद्याला फारसा वासच नसतो. त्याच्या पेशीत एका बाजूला गंधकाची संयुगं असतात आणि वेगळ्या कप्प्यात ॲलिनेज नावाचं एन्झाइम. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि पुढे रेणूंची माळच लागते. बरीच वर्षं समजूत होती की डोळे झोंबवणारा वायू त्यातूनच आपसूक तयार होतो. २००२ मध्ये जपानमधल्या हाउस फूड्स या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की तसं नाही, त्यासाठी आणखी एक स्वतंत्र एन्झाइम कामाला लागतं. म्हणजे रडवणं आणि चव हे दोन वेगळे रस्ते आहेत. (या शोधाला २०१३ मध्ये गमतीचं 'इग नोबेल' मिळालं. जपानी लोकांनी ते हसत घेतलं.) याच कंपनीने किरणांचा मारा करून, हजारो रोपं तपासून, २०१५ मध्ये न रडवणारा कांदा जाहीर केला. बातमी वाचून मी आत्याच्या फोटोकडे बघितलं होतं.

आणि शिजवलेल्या कांद्याला जी रश्श्याची, मटणाच्या सुरव्यासारखी खोल चव येते ना, तिच्यामागचा एक गंधकी रेणू जर्मन स्वादतज्ज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केला. तो इतका जबरदस्त आहे की पाण्यात नावालाही नसला तरी नाकाला कळतो. जास्त झाला तर मात्र घामट, नकोसा वाटतो. मात्रा बदलली की तोच रेणू सुगंध आणि तोच दुर्गंध. आमच्या धंद्यातलं सगळं शहाणपण यात आलं.

आता बियाण्याकडे. कांद्याचं बी काढणं हे दोन वर्षांचं काम. पहिल्या हंगामात बियापासून कांदा, दुसऱ्या हंगामात तोच कांदा पुन्हा लावून त्याला दांडा आणि गोंडा येऊ द्यायचा, मग काळं बी. आत्या मार्चमध्ये काढलेल्या कांद्यातले शे-दीडशे कांदे बाजूला टांगून ठेवायची. एवढे कशाला, असं मी विचारलं होतं. म्हणाली, "कमी कांद्यांचं बी धरलं की पुढे पीक खुजं होतं." शास्त्र हेच सांगतं. कांदा परपरागीभवनाचं पीक आहे, त्याला जवळच्या नात्यातला संकर सोसत नाही, दोन-तीन पिढ्यांत जोम जातो.

मग अख्खा पावसाळा. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जे सडायचे ते सडायचे, ज्यांना कोंब यायचा त्यांना यायचा. तुळशीचं लग्न झालं की उरलेले कांदे खाली काढून आत्या विळीवर बसायची आणि प्रत्येकाचा वरचा भाग कापायची. बियाण्याचा कांदा लावताना वरचा तिसरा हिस्सा कापायची पद्धत सगळीकडे आहे, त्याने कोंब लवकर फुटतो आणि आत एकच गाभा आहे की दोन तेही दिसतं. पण आत्या आणखी एक करायची. कापलेली चकती नाकाशी न्यायची, कधी जिभेला लावायची, आणि कांदा उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायची. उजवीकडचे शेतात. डावीकडचे स्वयंपाकघरात. हे सगळं बोलता बोलता, माळ विणण्याइतक्याच सहजपणे.

आमच्याकडे कांदा गोड का, याला लोक 'माती' असं उत्तर देतात. ते अर्धं बरोबर असावं. गंधक जमिनीतूनच येतो. अमेरिकेत जॉर्जियातला विडेलिया कांदा १९३१ पासून त्याच्या गोडीसाठी प्रसिद्ध झाला, त्याचं कारण तिथल्या रेताड, गंधक कमी असलेल्या जमिनी. तिथे १९८६ मध्ये कायदा करून नाव ठरावीक भागापुरतं राखून ठेवलं. पण बियाण्याची वाण मात्र टेक्सासच्या संशोधनातून आलेल्या ग्रॅनेक्स घराण्यातली. माती आपली, बी पाहुणं. आमच्याकडे माझ्या मते निम्मं काम त्या विळीवर होत होतं, वर्षानुवर्षं, शंभर घरांत.

आता फजिती.

१९९४ च्या दिवाळीला मी पुण्याहून आत्यासाठी बियाण्याचं एक पाकीट घेऊन गेलो. सुधारित पांढरा कांदा, घाटावरचा. पाकिटावरचा कांदा नारळाएवढा दिसत होता. शिकलेल्या भाच्याने काहीतरी उपयोगाचं आणावं, अशी हौस. आत्याने कौतुकाने लावलं. कांदे मोठे, घट्ट, वजनदार झाले. खायला तिखट होते, तरी भाच्याने आणलेलं म्हणून तिने पुढच्या वर्षी त्यातले थोडे बियाण्याला लावले. वेगळे लावले हं, शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. पण मधमाशीला बांध कुठे दिसतो? कांद्याच्या दोन जातींचं बी शुद्ध ठेवायचं तर त्यांच्यात किलोमीटरभर अंतर लागतं. हे मी नंतर वाचलं. रसायनशास्त्राची पदवी, आणि हे नंतर वाचलं.

मी लाल कांद्याचं बी नेलं असतं तर बरं झालं असतं. लाल-पांढऱ्याचा संकर झाला की पुढच्या पिढीत सहसा रंग डोकावतो, लगेच कळतं, तेवढे कांदे काढून टाकता येतात. पांढऱ्यात पांढरा मिसळला की रंग काहीच बोलत नाही. उरतो फक्त वास.

१९९७ च्या दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा आत्या विळीवर बसली होती आणि डोळे पुसत होती. त्या घरात कांद्याने कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मला आधी वाटलं, काही झालंय का. तर म्हणाली, "शिमग्यापासून काही कांदे लागतायत. गिऱ्हाइकं पण बोलली." बस एवढंच. पाकिटाचा उल्लेख नाही. डावीकडचा ढीग वाढत गेला. उजवीकडे वीस-बावीस कांदे उरले. मी मोजले होते.

मी त्यातले दोन्हीकडचे कांदे मुंबईला प्रयोगशाळेत नेले. म्हटलं, बघू यंत्र काय म्हणतंय. गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रात नमुना गरम करून वाफ करतात आणि मग एकेक रेणू वेगळा काढतात. दोन्ही कांद्यांचे आलेख जवळपास सारखे आले. आत्याने नाकाने दोन क्षणांत ठरवलेला फरक आमच्या लाखो रुपयांच्या यंत्राला दिसेना! कारण नंतर कळलं. कांद्याचे हे ताजे रेणू उष्णतेत टिकत नाहीत, यंत्राच्या तोंडाशीच मोडतात आणि आपण मोजतो ते त्यांचे तुकडे. एरिक ब्लॉक या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने यावर उभं आयुष्य घालवलंय. गंमत म्हणजे तिखटपणा मोजायची साधी पद्धत १९६१ पासून उपलब्ध होती. कांदा वाटायचा आणि त्या क्रियेत तयार होणारं पायरुव्हिक आम्ल मोजायचं. ग्रॅमला पाच मायक्रोमोलच्या आत असेल तर कांदा गोड, असा ढोबळ हिशेब. त्याला लागणारं उपकरण माझ्या टेबलाशेजारीच होतं. सुचलं नाही.

वीस कांद्यांवर बी धरायचं नाही हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. आदल्या वर्षीचं बी वापरावं तर ते तरी कुठलं शुद्ध! आणि कांद्याचं बी फार लवकर मरतं, आमच्या दमट हवेत तर वर्ष-दीड वर्षात उगवण खलास. आत्या राखेत घालून मडक्याचं तोंड लिंपून चुलीवरच्या फळीवर ठेवायची, तरी दोन पावसाळे म्हणजे डोक्यावरून पाणी. तिजोरीत ठेवावं असं ते धन नाही. दरवर्षी कुणीतरी लावलं तरच ते आहे.

ती दुसऱ्या दिवशी एसटीने तिच्या नणंदेच्या गावी गेली, दोन डोंगर पलीकडे. तिकडे हाच कांदा होता, कधीकाळी आमच्याकडूनच गेलेला. तिने पोतंभर भात नेलं आणि बियाण्याचे सव्वाशे कांदे घेऊन आली. घरी आल्यावर पुन्हा विळी, पुन्हा वास. नणंदेच्या कांद्यांतलेही पंधरा-वीस तिने डावीकडे ठेवले. त्या वर्षी मी आणलेल्या कांद्यांपैकी एकही शेतात गेला नाही. १९९९ च्या शिमग्याला घरचा कांदा पुन्हा पूर्वीसारखा झाला होता. मी खाऊन बघितला. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती.

तिने मला शेवटपर्यंत काही म्हटलं नाही. उलट दरवर्षी दोन माळा जास्त दिल्या.

सुधारित जाती वाईट, असं मला म्हणायचं नाही. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने भीमा श्वेता, भीमा शुभ्रा अशा चांगल्या पांढऱ्या जाती दिल्यात. जळगावकडे कांदा सुकवून भुकटी करणाऱ्या कारखान्यांना तर पाणी कमी आणि घन भाग जास्त असलेला पांढरा कांदा लागतो, सुकवताना तोच परवडतो. त्यांचं बरोबर आहे. पण जो गुण मोजला जातो त्याच्यामागे बी जातं, आणि घन भाग वाढला की बहुधा तिखटपणाही वाढतो. मानांकनाने नाव राखलं, ही चांगलीच गोष्ट. भलतीकडचे पांढरे कांदे आणून, वेणी घालून 'अलिबागचा' म्हणून विकणाऱ्यांना निदान खोटं बोलतोय हे ठाऊक तरी असेल. मधमाशीला मात्र मानांकन वाचता येत नाही.

आत्या २००९ मध्ये गेली. नणंदेच्या गावची ती जमीन आता कुंपणाच्या आत आहे. आत बंगला, पोहण्याचा तलाव आणि विलायती गवत. पुन्हा तसं काही झालं तर एसटीने जायला ते गाव उरलेलं नाही. आमच्या घरात आता वहिनी लावतात, पूर्वीच्या निम्म्या जागेत. दोन्ही मुलं मुंबईला.

गेल्या तुळशीच्या लग्नानंतर मी मुद्दाम गेलो होतो. वहिनी विळीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, वहिनी, मलाही बघू द्या. त्यांनी एकेक चकती कापून माझ्या हातात द्यायची, मी वास घेऊन उजवी की डावी सांगायचं, मग त्यांनी घ्यायचा. तीसेक कांदे झाले. माझं त्यांच्याशी सहा ठिकाणी जमलं नाही.

"राहू दे भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही माळेला सुतळी बांधा."

भाच्याला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या नोव्हेंबरमध्ये येतो, आजीच्या विळीवर मीच बसतो. मी म्हटलं, वहिनींना विचार.